दात कोणावर?

अंजनाबाईचा दात ताराचंदवर होता. सोळा वर्षांपासून होता, आणि तो लपवून ठेवावा असं तिला कधी वाटलंही नाही.

ताराचंद हा गिरणीतला जॉबर. सूतखात्यात कोणी कोणत्या पाळीला यायचं, हे त्याच्या तोंडून ठरे. अंजनाबाईचा नवरा चंद्रभान त्याच्याच हाताखाली. आता गिरणीत पाळी सगळ्यांचीच फिरते, महिनाभर सकाळची, महिनाभर दुपारची, महिनाभर रातची. फिरत नव्हती ती एकट्या चंद्रभानची. एकसष्ट साली तो रातपाळीला लागला तो लागलाच. पोरगी तारा तेव्हा तीन वर्षांची होती. ती मोठी झाली, लग्न होऊन मौद्याला सासरी गेली, तरी बाप आपला रोज संध्याकाळी डबा घेऊन बाहेर आणि सकाळी लाल डोळ्यांनी घरात. "ताराचंदची माह्यावर खुन्नस हाय," चंद्रभान म्हणायचा. "का करतं? नोकरी हाय."

झालं. अंजनाबाईनं ताराचंदला त्या दिवसापासून जन्माचा वैरी धरलं. बाजारात तो समोरून आला, "जयभीम, वहिनी" म्हणाला, की ही तोंड फिरवून वांग्याचा भाव करायला लागायची. घरी येऊन बोटं मोडायची ती वेगळीच.

आणि दिवसा नवऱ्याची झोप मोडू नये म्हणून या बाईनं काय काय केलं! भांडी घासायची तर खाली पोतं अंथरून. हातातल्या बांगड्या कोपरापर्यंत सरकवलेल्या. भाजीवाली दारात ओरडली की ही धावत बाहेर, "हळू वं बाई, आमचे झोपले हायेत." पाचपावलीतलं त्यांचं घर ओमप्रकाशच्या पिठाच्या चक्कीला लागून. त्या ओमप्रकाशच्या मागे लागून लागून तिनं या बाजूची खिडकी कायमची बंद करून घेतली. सोळा वर्षं ती स्वतःच्या घरात चोरासारखी चालली. सासू रंभाबाई मागच्या खोलीत असे. तिला अलीकडे ऐकू कमी येई, आणि जे सोयीचं नसे ते तर मुळीच येत नसे, त्यामुळे तिचं काही अडत नव्हतं.

रविवारी गिरणीला सुट्टी. पण चंद्रभान म्हणे, रातच्याला जागायची आदत लागली, आता डोळाच लागत नाही. मग तो अंगणात खाट टाकून पडे, नाहीतर विहारात मंडळींशी बोलत बसे. बोलायला तो फार चांगला. बाबासाहेबांनी दीक्षा दिली तेव्हा तो अठरा वर्षांचा होता. विहारात उभा राहून नव्या पोरांना सांगे, "नजर लागते, अपशकुन होते, हे सारं आपण सोडून देल्लं हाय. डोकं चालवा बाप्पा!" अंजनाबाई समोर बसून ऐके आणि तिला नवऱ्याचा अभिमान वाटे.

विहारात तिचंही स्थान होतं. वंदना तीच म्हणवून घ्यायची. पाली शब्द तिनं एका भन्तेजींकडून अक्षर अक्षर घोटून शिकले होते. तिचा 'स' असा स्वच्छ होता की मागच्या रांगेतली म्हातारीसुद्धा तिच्यामागे बरोबर म्हणे. शाळा दोन वर्ग झालेल्या बाईला माणसं उठून जागा देतात, हे काही कमी नाही. ते तिला त्या आवाजानं मिळालं होतं.

म्हणून शहात्तरच्या हिवाळ्यात तिचे खालचे समोरचे दात हलायला लागले तेव्हा तिला आधी वंदना आठवली. हिरड्या सुजायच्या, सकाळी चूळ भरली की रक्त यायचं, भाकर चावताना जीव जायचा. वय सदतीस. शेजारची इंदूबाई म्हणाली, गुडाखू लाव, आराम पडते. गुडाखू ती लग्नाआधीपासून लावत होती, बोटावर घेऊन हिरडीला घासायची ती काळी तंबाखू, आणि आराम तर काही पडत नव्हता. शेवटी ती एकटीच सरकारी दवाखान्यात गेली.

दातांची डॉक्टरीणबाई तरुण होती, पुण्याकडची. आरसा तोंडात घालून तिनं बराच वेळ पाहिलं. मग विचारलं, "दात खाता का हो तुम्ही?"

अंजनाबाई चपापली. या बाईला कोणी सांगितलं? पण डॉक्टरसमोर खोटं कशाला बोलायचं! "खाते," ती म्हणाली. "पण एकाच माणसावर, डॉक्टरीणबाई. त्या ताराचंदावर. त्यानं आमच्यायले सोळा साल रातपाळीत सडवलं."

डॉक्टरीणबाई इतकी हसली की तिच्या हातातला आरसा हलला. "अहो, तसं नाही. झोपेत. लहान मुलं करकर दात खातात ना, तसं. तुमचे दात वरून सपाट झिजलेत म्हणून विचारते."

"नाही बाप्पा! मी का लेकरू हावो?"

"झोपेत स्वतःला कळत नसतं. घरी नवऱ्याला विचारून या."

त्या दिवशी दुपारी चंद्रभान उठल्यावर तिनं चहा देता देता विचारलं. चंद्रभाननं कपातून नजर वर केली नाही. "नाही वं. पहिले चार साल तर मी पाळीपाळीनं घरी झोपतच होतो ना? मले ऐकू आलं नसतं का?"

झालं, नवऱ्यानं सांगितलं. अंजनाबाईनं पुढच्या खेपेला मोठ्या ठेक्यात सांगितलं, "आमचे म्हणतात, नाही." डॉक्टरीणबाईनं कागदावर 'नाही' लिहिलं. मग झीज गुडाखूच्या कचकचीनं झाली असेल, असं ठरलं.

गुडाखूची डबी त्याच दिवशी नालीत गेली. पंधरा दिवस डोकं असं ठणकलं की भिंतीवर आपटावंसं वाटे, पण तिनं पुन्हा बोट लावलं नाही. डॉक्टरीणबाईनं दातांवरचे थर खरवडून काढले. दोन खेपांत हिरडी उघडून आतली घाण साफ केली, टाके घातले. आठवडा आठवडा अंजनाबाई पेजेवर राहिली. मिठाच्या पाण्याच्या गुळण्या, मऊ ब्रश, सांगितलं ते सगळं केलं. हिरड्या गुलाबी झाल्या, रक्त थांबलं. आणि दात? दात पहिल्यापेक्षा जास्त हलायला लागले.

आठव्या महिन्यात डॉक्टरीणबाईचा धीर सुटला. "खरं सांगा, गुडाखू चालूच आहे ना?"

अंजनाबाईच्या डोळ्यांत पाणीच आलं. "तुमच्या गळ्याची आन. डबी फेकली ते फेकली."

डॉक्टरीणबाईनं पुन्हा आरसा घातला. "मग ही नवी झीज कुठून आली? हे बघा, दात म्हणजे खुंटा धरा. दिवसा मी खुंट्याभोवतीची माती दाबून घट्ट करते आहे, आणि रात्री कोणीतरी खुंटा गदागदा हलवतं आहे. असा तो कसा टिकेल? ते आवळणं थांबत नाही तोवर माझ्या औषधाचा उपयोग नाही, शेवटी दात काढावे लागतील. मला नक्की कळायला हवं. आठवडाभर नवऱ्याला रात्री घरी झोपू द्या. त्यांनी फक्त ऐकायचं."

घरी येऊन तिनं चंद्रभानला सांगितलं, तर तो एकदम चिडला. "ताराचंद सोडते का? तू बी ना! त्या डॉक्टरणीले का समजते?" आणि डोक्यावरून चादर ओढून भिंतीकडे तोंड करून पडला.

मग अंजनाबाईनं जे कधी केलं नसतं ते केलं. दुसऱ्या दिवशी चार वाजता, चंद्रभान झोपलेला असताना, धुतलेलं लुगडं नेसून ती ताराचंदच्या घरी गेली. वैऱ्याच्या दारात! पण खालचे चार दात जीभ लागली तरी हलत होते, आणि दोन महिन्यांवर दीक्षेचा दिवस होता. त्या दिवशी सगळ्या वस्तीसमोर वंदना म्हणायची होती. त्यापुढे ताराचंदसमोर मान खाली घालणं तिनं कबूल केलं.

ताराचंद सकाळपाळीवरून येऊन ओट्यावर बसला होता. तिला पाहून तो उभाच राहिला.

"जयभीम, भाऊ," ती म्हणाली. सोळा वर्षांत पहिल्यांदा. "एक महिना आमच्यायले दिवसपाळी द्या. माह्या दाताची दवा चालू हाय. डॉक्टरीण म्हणते, ते रात्री घरी पाहिजेत. तुमचं आमचं जे काही असन ते माह्यावर काढा, पण एक महिना द्या. हात जोडते."

"चंद्रभानले दिवसपाळी?" ताराचंद तिच्याकडे पाहतच राहिला. "वहिनी, मले काहून हात जोडून राहिल्या? मी तर दर महिन्याले त्याले पुसतो. तोच नाही म्हणते. ज्याले रातपाळी नको असते, त्याची मागून घेते. माह्याकडं लिहून देल्लं हाय त्यानं."

"खोटं बोलू नका, भाऊ."

"तुमाले खरंच मालूम नाही?" ताराचंदचा आवाज खाली आला. "त्याले सारे चक्कीवाले काहून म्हणतात, तुमाले का वाटते?"

"आमच्या घराले चक्की लागून हाय म्हणून."

 ताराचंदची बायको पाण्याचा लोटा घेऊन दारात आली होती, ती तिथूनच मागे फिरली. तिलाही माहीत होतं, हे अंजनाबाईला तिच्या पाठीवरून कळलं.

"सांगा," ती म्हणाली.

"तुमी झोपेत दात खाता ना, वहिनी," ताराचंद जमिनीकडे पाहत म्हणाला. "तो म्हणते, माह्या घरी रातभर चक्की चालते, तिच्यापरीस गिरणीत आवाज कमी हाय. जेवणाच्या सुट्टीत नकल करून दाखवते. डबा उघडला का कोणी ना कोणी म्हणतेच, चक्कीवाले, ऐकव. मले वाटे, घरातली मजाक हाय, तुमाले बी मालूम असन. वाईट वाटून घेऊ नका."

वाईट वाटून घेऊ नका, म्हणे! अंजनाबाई पाणी न पिता निघाली. तिला रस्ता दिसत नव्हता. हिशेब डोळ्यांपुढे उभा राहत होता. पोत्यावर घासलेली भांडी. कोपरापर्यंत चढवलेल्या बांगड्या. ज्या माणसाची सोळा वर्षं तिनं कीव केली, तो तिच्यापासून पळून जात होता आणि डब्यातली तिच्या हातची भाकर खाता खाता तिचीच नक्कल करत होता. चंद्रभान दात विचकून करकर करतो आहे आणि सारी पाळी दात काढते आहे. आणि इथे डॉक्टरीणबाई तिचे दात काढायच्या गोष्टी करते आहे! आख्ख्या गिरणीला माहीत होतं. डॉक्टरीणबाईला हवा होता तो एक शब्द शंभर माणसांना माहीत होता, फक्त तिला नव्हता. केसानं गळा कापणं म्हणतात ते हेच, असं तिला वाटलं, आणि मग तिला इतका राग आला की दातांवर दात दाबले गेले आणि खालच्या दातांतून कळ गेली.

घरात चंद्रभान घोरत होता. अंजनाबाईनं चुलीजवळचा पितळी गुंड उचलला, पाण्यानं भरलेला, आणि त्याच्या उशाशी फरशीवर सोडून दिला.

सोळा वर्षांत त्या घरात असा आवाज झाला नव्हता. चंद्रभान ओरडतच उठला, अंथरूण भिजलं, पलीकडे ओमप्रकाशनंही चक्की थांबवून हाक मारली.

"चक्कीवाले," अंजनाबाई म्हणाली, "मी ताराचंदभाऊकडून आली."

चंद्रभाननं तोंड पुसलं. आधी तो म्हणाला, ताराचंद खोटा आहे. मग म्हणाला, गमतीत बोललो असन. शेवटी खाली बसला. "तुले वाईट वाटन म्हणून नाही सांगितलं, अंजने."

"मले वाईट वाटन, अन् शंभर लोकायले सांगितलं ते?"

"झोप येत नव्हती मले. करकर, करकर..."

"झोप येत नव्हती तर मले हालवून उठवाचं होतं. कानात कापूस घालाचा होता. सोळा साल काहून पळाले?"

चंद्रभाननं भिजलेली उशी मांडीवर घेतली. मग तो जे बोलला ते इतकं हळू की तिला वाकून ऐकावं लागलं. "एकसष्टात मले मुदतीचा ताप आला होता. याद हाय ना? मरता मरता वाचलो. तवा माय म्हणे, बाई झोपेत दात खाते ते नवऱ्याचं आयुष्य खाते. मले मालूम हाय, हे खोटं हाय. पण रात्री तो आवाज सुरू झाला का भेव वाटे. मले तुह्या तोंडाचं भेव वाटे."

विहारात उभा राहून डोकं चालवा म्हणणारा हा माणूस! तिनं त्याच्या त्या तापात एकवीस दिवस त्याच्या डोक्यावर पाण्याच्या पट्ट्या ठेवल्या होत्या, आणि तो डोळे मिटून तिच्या तोंडाला भीत होता.

"आत्या," ती मागच्या खोलीकडे वळून ओरडली, "तुमीच सांगितलं होतं का?"

"का म्हणते वं?" रंभाबाई आतून म्हणाली. "मले ऐकू नाही येत."

दुसऱ्या दिवशी तिनं चंद्रभानला दवाखान्यात नेलं. झोपू दिलं नाही, रातपाळीवरून आला तसाच नेला. डॉक्टरीणबाईसमोर खुर्चीत बसून ती म्हणाली, "आता सांगा यायले."

"का सांगू?"

"जे आख्ख्या पाळीले सांगितलं ते."

त्यानं सांगितलं. टोपी हातात चुरगाळत, मान खाली घालून सांगितलं, की ती खाते, लग्नापासून खाते, रोज खाते. डॉक्टरीणबाईनं हातातला कागद खाली ठेवला. "आणि तुम्ही मला नाही म्हणून कळवलं? आठ महिने मी हिरड्या बऱ्या करत बसले! पहिल्याच दिवशी हे कळलं असतं, तर मी दातांचे उंचवटे घासून दिले असते, रात्री दातांवर चढवायला प्लॅस्टिकची पट्टी दिली असती. हे चार दात बहुतेक राहिले असते."

"आता?" अंजनाबाईनं विचारलं.

"आता हे चार नाही राहत, ताई. बाकीचे राखू आपण. पट्टी देते."

चार दात काढायला फार वेळ लागला नाही. इतके सैल झाले होते. डॉक्टरीणबाई ते टाकून देत होती, तर अंजनाबाईनं तोंडात कापूस असतानाच हात पुढे केला. डॉक्टरीणबाईनं काही न विचारता ते कागदात गुंडाळून दिले.

त्या रविवारी ती विहारात गेली. वंदना सुरू केली आणि 'सरणं' म्हणताना दातांच्या जागेतून नुसती हवा निघाली. पुढे बसलेल्या दोन पोरी एकमेकींकडे पाहून ओढणीत हसल्या. अंजनाबाईनं वंदना शेवटपर्यंत म्हटली. मग घरी येऊन पहिल्यांदा रडली, मोठ्यानं, चंद्रभान झोपला आहे की नाही ते न पाहता.

चंद्रभान त्या दिवसांत फार मऊ झाला होता. महिनाअखेरीला तो स्वतःहून म्हणाला, "एक तारखेपासून दिवसपाळी घेतली म्या. ताराचंदले सांगितलं. आता रात्री घरीच झोपत जाईन."

"काहून?" अंजनाबाई भाकर थापता थापता म्हणाली. तिचा 'स' गेला होता, पण 'काहून' अजून स्वच्छ निघत होतं. "चक्कीचे दगड निघाले म्हणून भेव गेलं का?"

चंद्रभान उठून अंगणात खाट टाकायला गेला.

एकतीस तारखेच्या संध्याकाळी, त्याच्या शेवटच्या रातपाळीला, तिनं नेहमीसारखा डबा भरला. खालच्या पुडात ज्वारीच्या दोन भाकरी, मधल्यात वांग्याची भाजी. वरच्या छोट्या पुडात, जिथे ती रोज ठेचा ठेवायची, तिथे काय ठेवलं ते तिनं सांगितलं नाही. दांडी लावली आणि डबा त्याच्या हातात दिला.

चंद्रभान दोन पावलं चालला आणि थांबला. वरच्या पुडात काहीतरी वाजत होतं. त्यानं डबा पुन्हा हलवून पाहिला. टिनावर चार बारीक कडक वस्तू करकरल्या. त्याचं तोंड पांढरं पडलं.

"सुट्टीत सगळ्यायसमोर उघडजा," अंजनाबाई दारातून म्हणाली. "सोळा साल तुमी नकल ऐकवली. आज अस्सल ऐकवा."

"अंजने..."

गिरणीचा भोंगा झाला. चंद्रभान डबा हातात धरून गल्लीत उभाच होता. डबा अंगापासून लांब धरला होता त्यानं, आणि चालायला पाय उचलत नव्हता, कारण चाललं की वाजायचं. पलीकडून सायकलवर जाणारा त्याच्याच पाळीतला एक जण ओरडला, "चला ना, चक्कीवाले!"

अंजनाबाईनं दार लावून आतून कडी घातली. मग बांगड्या कोपरावरून मनगटापर्यंत खाली घेतल्या, आणि मोरीत पोतं न अंथरता भांडी घासायला बसली.